नवी गाडी आणि पहिला क्लच: नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडी शिकायला येणारी माणसं पहिल्या आठवड्यात क्लचचं विचारतात, दुसऱ्या आठवड्यात "कुठली घेऊ?" म्हणून विचारतात, आणि शोरूममध्ये टोकन भरून आली की मग खरे प्रश्न विचारतात. फोनवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एका जागी घेतले आहेत. ज्याचं उत्तर दुसऱ्या प्रश्नात आलं आहे तिथे त्याचा आकडा दिला आहे.

१. सर, आधी गाडी घ्यावी की आधी शिकावं?

आधी शिका. न शिकलेला माणूस गाडी बघायला जातो तेव्हा टचस्क्रीन, सनरूफ आणि रंग बघतो. शिकलेला माणूस क्लच किती जड आहे, सीट वर-खाली होते का, पुढच्या काचेशेजारच्या खांबामुळे वळणावर किती दिसत नाही, हे बघतो. शिवाय नव्या कोऱ्या गाडीवर शिकताना घरच्यांचं सगळं लक्ष ओरखड्यांवर असतं आणि शिकणाऱ्याचा जीव घाबराघुबरा होतो. स्कूलच्या गाडीवर ठोकरीची भीती कमी, म्हणून हात लवकर मोकळा होतो.

२. मी ऑटोमॅटिकच घेणार आहे. मग मॅन्युअल शिकायची गरज काय?

माझं मत सरळ आहे: मॅन्युअल शिकायलाच हवी, घ्यायलाच हवी असं नाही. नाशिकमध्ये मेव्हण्याची, ऑफिसची, भाड्याची जी गाडी अडीअडचणीला हाताशी येते ती बहुतेक वेळा गिअरचीच असते. रात्री कुणाला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर "मला फक्त ऑटोमॅटिक येते" हे उत्तर कामाचं नाही. दुसरं म्हणजे क्लच कळला की इंजिन कधी ओढतं आणि कधी दमतं हे कानाला कळू लागतं. ते ऑटोमॅटिक चालवतानाही उपयोगी पडतं, विशेषतः घाटात (प्रश्न ८).

३. लर्निंग लायसन्सला काय लागतं?

कारसाठी वय १८ पूर्ण हवं. अर्ज 'सारथी' पोर्टलवर ऑनलाइन होतो आणि आधार जोडलेलं असेल तर वाहतूक नियमांची परीक्षा घरी बसूनही देता येते. पास व्हायला ६० टक्के उत्तरं बरोबर लागतात. चाळिशी ओलांडलेल्यांनी डॉक्टरांकडून फॉर्म १-अ भरून घ्यायचा. लर्निंग सहा महिने चालतं आणि मिळाल्यापासून ३० दिवस झाल्यावर पक्क्या लायसन्सची टेस्ट देता येते. ती पेठ रोडच्या आरटीओत होते.

एजंटाला पैसे देऊन घरबसल्या परीक्षेची उत्तरं दुसऱ्याकडून भरून घेणारेही आहेत. त्यांच्यातले बरेच जण नंतर "गोल सर्कलवर आधी कोण जाणार?" हे मला विचारतात. आधी उजवीकडून येणारा, म्हणजे सर्कलमध्ये आधीच असलेला जाणार.

४. एक स्कूलवाले १० दिवसांत शिकवतो म्हणतात. खरं आहे का?

नियमानुसार हलक्या वाहनाचं प्रशिक्षण किमान २१ दिवसांचं आणि प्रत्यक्ष चालवणं किमान १० तासांचं असायला हवं. पण दिवसांपेक्षा स्टिअरिंग तुमच्या हातात किती वेळ होतं ते मोजा. एका गाडीत तिघांना बसवून तासभर फिरवलं तर तुमच्या वाट्याला वीस मिनिटं येतात.

आणखी एक गोष्ट बघा. स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही क्लच-ब्रेक असतात. सायकल शिकवताना कॅरिअर धरून मागे पळणाऱ्या बापासारखं त्याचं काम असतं, आणि काही जण कॅरिअर शेवटपर्यंत सोडतच नाहीत. तुम्हाला वाटतं आपण सफाईने गाडी उचलली, प्रत्यक्षात क्लच त्यांनी सांभाळलेला असतो. दुसऱ्या आठवड्यापासून त्यांना स्पष्ट सांगा, "पाय बाजूला घ्या, बंद पडली तर पडू द्या."

५. क्लच सोडला की गाडी झटका देऊन बंद पडते. नेमकं काय चुकतं?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, म्हणून सविस्तर.

गाडी उभी असते तेव्हा चाकं थांबलेली असतात, पण इंजिन मिनिटाला आठशेच्या आसपास फेरे घेत असतं. या दोघांना जोडणारी चकती म्हणजे क्लच प्लेट. पेडल पूर्ण दाबलं की जोड सुटतो, पूर्ण सोडलं की जोड घट्ट बसतो. फिरणारं इंजिन थांबलेल्या चाकांना एकदम जोडलं, तर चाकं इंजिनलाच थांबवतात. ते म्हणजे गाडी बंद पडणं. म्हणून मधला टप्पा हवा, जिथे चकती जरा घसरत, जरा पकडत चाकांना हळूहळू वेग देते. आपण बोलताना त्याला 'क्लच पकडला' म्हणतो.

तो टप्पा पायाला शिकवायचा तर रेसला हात, म्हणजे पाय, लावायचा नाही. सपाट, मोकळी जागा घ्या. हँडब्रेक खाली, ब्रेकवर पाय, क्लच पूर्ण दाबून फर्स्ट टाका. ब्रेकवरून पाय काढा. आता शक्य असेल तर डावी टाच जमिनीवर टेकवून पंजा अगदी सावकाश वर येऊ द्या. एका जागी इंजिनचा आवाज किंचित खोल जाईल, पेडलमध्ये बारीक थरथर जाणवेल आणि बोनेट इवलंसं उचलल्यासारखं होईल. तिथेच पाय थांबवा. मोजून दोन-तीन सेकंद. आजकालच्या इंजेक्शनच्या गाड्या रेस न देताही स्वतःहून पुढे सरकतात, कारण इंजिन मंदावतंय हे कळताच संगणक इंधन वाढवतो. गाडी चालू लागली की मग उरलेला क्लच सोडा.

बहुतेकांची चूक एकच असते: क्लच पकडेपर्यंत नीट येतात, आणि गाडी हलली की आनंदाने पाय उचलून घेतात. झटका तिथे बसतो. थांबायचं असतं ते नेमकं त्याच जागी.

अर्धा तास फक्त हेच करा. फर्स्ट टाका, सरका, क्लच-ब्रेक दाबून थांबा, परत सुरू. कंटाळवाणं आहे, पण याच्याशिवाय पुढचं काही बसत नाही. प्रत्येक गाडीचा क्लच वेगळ्या उंचीवर पकडतो, त्यामुळे स्कूलच्या गाडीवर पक्के झालेले लोकही स्वतःच्या नव्या गाडीत पहिले दोन दिवस गाडी बंद पाडतात. त्यात लाज काही नाही.

६. किती स्पीडला कुठला गिअर?

ढोबळ हिशेब असा: फर्स्ट फक्त गाडी उचलायला, साधारण १५ च्या पुढे सेकंड, ३० च्या पुढे थर्ड, ४५ च्या पुढे फोर्थ, ६० च्या पुढे फिफ्थ. गाड्यांप्रमाणे थोडं पुढे-मागे होतं. काट्याकडे बघण्यापेक्षा आवाज ऐका. इंजिन ओरडत असेल तर वरचा गिअर मागतंय, गुरगुरून थरथरत असेल तर खालचा. गतिरोधकावर सेकंड. थर्डमध्येच रेटून नेणारे सगळीकडे भेटतात, त्यांच्या गाडीचे माउंटिंग (इंजिन धरून ठेवणारे रबरी आधार) लवकर बोलू लागतात.

७. चढावर थांबलो की गाडी मागे जाते. मागे रिक्षा चिकटून उभी असते, हातपाय गळतात.

नाशिकमध्ये हे टाळता येत नाही. जुन्या नाशकातून गंगेकडे, म्हणजे गोदावरीकडे, उतरणारे रस्ते, उड्डाणपुलांचे चढ, सोसायटीच्या बेसमेंटचे रॅम्प, सगळीकडे हीच वेळ येते.

हँडब्रेकने करा. थांबलात की हँडब्रेक वर ओढा. निघताना फर्स्ट टाका, थोडी रेस द्या, इंजिनचा आवाज एकसारखा धरून ठेवा. क्लच पकडेपर्यंत आणा. गाडीचा मागचा भाग किंचित खाली बसतो, बोनेट वर येतं. ही खूण दिसली की मगच हँडब्रेक सोडा, आणि रेस थोडी वाढवत क्लच सोडत जा. हँडब्रेक सोडताना गाडी तसूभरही मागे गेली, तर क्लच पुरेसा वर आलेला नव्हता असं समजा.

आता बऱ्याच नव्या गाड्यांत हिल होल्ड असतो. ब्रेकवरून पाय काढल्यावर तो दोन-तीन सेकंद गाडी धरून ठेवतो. चांगली सोय आहे, पण त्या सेकंदांत गडबडून गेलात तर तो वेळ संपतो आणि गाडी मागे येते. म्हणून आधी हँडब्रेकची रीत पक्की करा. चढावर थांबून पुन्हा निघणं हे पक्क्या लायसन्सच्या टेस्टच्या नियमांतही आहे.

मागच्या रिक्षावाल्याला कळावं म्हणून मागच्या काचेला 'एल' लावाच. तो नियमही आहे: पांढऱ्या पाटीवर लाल 'एल', पुढे आणि मागे दोन्हीकडे.

८. कसारा घाट किंवा सप्तशृंगी गड उतरताना नवशिक्याने काय करावं?

ज्या गिअरने तो चढ चढला असता, त्याच गिअरने उतरायचं. म्हणजे बहुतेक ठिकाणी थर्ड, नांदुरीहून गडावर जाणाऱ्या रस्त्यासारख्या तीव्र वळणांवर सेकंड. रेस सोडली की इंजिनच गाडीला मागे ओढतं आणि ब्रेकवरचं ओझं कमी होतं. सतत ब्रेक दाबत उतरलात तर ब्रेक तापतात, जळका वास येतो आणि पेडल दाबूनही गाडी पूर्वीसारखी थांबत नाही. तसं झालं तर सुरक्षित जागा बघून थांबा, ब्रेक थंड होऊ द्या. त्यावर पाणी ओतू नका.

न्यूट्रल करून उतरणं पेट्रोल वाचवतं हा समज सोडा. आजच्या गाड्यांत गिअरमध्ये रेस सोडली की इंधनाचा पुरवठाच बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला इंधन लागतं. इंजिन बंद करून उतरणं तर त्याहून वाईट. ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीन वेळा दाबल्यावर संपते, स्टिअरिंगही जड होतं.

अरुंद घाटात चढणाऱ्याला आधी वाट द्यायची असते. इगतपुरीच्या धुक्यात लो बीम लावा. धावत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावून जाणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो: मागच्याला तुम्ही उभे आहात की चालताय आणि कुठे वळताय, काहीच कळत नाही.

ऑटोमॅटिकवाल्यांनी गिअर लिव्हरवर मॅन्युअल किंवा 'एल' मोड शोधून ठेवावा आणि उतारावर तोच वापरावा.

९. द्वारका चौकाच्या ट्रॅफिकमध्ये डावा पाय भरून येतो. क्लच अर्धा दाबून ठेवला तर चालतो का?

नाही. अर्ध्या क्लचवर चकती सतत घासते, तापते आणि कुजकट, जळका वास येतो. क्लच प्लेट ही झिजणारी वस्तू, त्यामुळे साधारणपणे वॉरंटीत बसत नाही. थांबणं लांबलं तर न्यूट्रल करा, पाय क्लचवरून काढून डाव्या बाजूच्या पाय टेकायच्या जागी ठेवा. पुढच्या गाडीने हातभर जागा सोडली म्हणून लगेच भरू नका. दोन गाड्यांची जागा होऊ द्या, मग एकदाच फर्स्टवर सरका. चढावर क्लचवर गाडी तोलून धरणं हा त्याच चुकीचा मोठा भाऊ.

रोजचा प्रवास मुंबई नाका, द्वारका, नाशिक रोड असाच असेल तर घेताना ऑटोमॅटिकचा विचार खुशाल करा (प्रश्न १२).

१०. सराव कुठे करू?

सुट्टीच्या दिवशी सकाळी सातपूर-अंबडच्या एमआयडीसीतले आतले रस्ते, गंगापूर रोडच्या पलीकडचे नव्या ले-आउटमधले रिकामे रस्ते. रिव्हर्ससाठी दोन पाण्याच्या बाटल्या ठेवून गाडीच्या रुंदीपेक्षा दोन हात मोठी जागा आखा आणि फक्त आरसे बघून मागे घ्या. कॅमेरा असला तरी पहिले दिवस तो झाकून ठेवा. २०२७ च्या कुंभमेळ्याची कामं सुरू असल्याने कुठला रस्ता कधी उखडलेला असेल सांगता येत नाही, त्यामुळे आदल्या दिवशी दुचाकीवरून एक फेरी मारून या.

११. पेट्रोल, सीएनजी, डिझेल की इलेक्ट्रिक?

महिन्याचा प्रवास किती आणि कुठे, एवढंच सांगा.

शहरात घर-ऑफिस-शाळा आणि अधूनमधून गाव: पेट्रोल. रोज बऱ्यापैकी अंतर, बजेट आवळलेलं: सीएनजी. पण सीएनजीची डिकी बहुतेक सिलिंडरनेच भरते. काही कंपन्या आता एका मोठ्याऐवजी दोन छोटे सिलिंडर तळाशी बसवतात, त्यात बॅगा मावतात. चार माणसं, एसी आणि घाट असा मेळ जमला की सीएनजीवर ओढ कमी पडते, तेव्हा पेट्रोलवर टाका. पंपावरच्या रांगेचा वेळही हिशेबात धरा. सिलिंडरची हायड्रो टेस्ट दर तीन वर्षांनी करावी लागते.

डिझेल त्यांनीच घ्यावं ज्यांचं हायवेवर सतत येणं-जाणं आहे. नव्या डिझेल गाड्यांत काजळी पकडणारा फिल्टर असतो. तो स्वतःला जाळून साफ करतो, पण त्यासाठी गाडी बराच वेळ वेगात चालावी लागते. कॉलेज रोड ते अशोक स्तंभ एवढंच फिरणाऱ्याचा फिल्टर तुंबतो आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो.

इलेक्ट्रिक उत्तम, घरी चार्जिंग असेल तर. सोसायटीत पार्किंगपर्यंत वायर ओढायची परवानगी आधी मिळवा, मग बुकिंग करा. क्लच-गिअर नसल्यामुळे शिकणं सोपं, पण प्रश्न २ वाचा.

१२. एएमटी, सीव्हीटी, डीसीटी, टॉर्क कन्व्हर्टर यात फरक काय?

एएमटी म्हणजे आतून मॅन्युअलच. क्लच आणि गिअर तुमच्याऐवजी यंत्र बदलतं. आपल्याकडे २०१४ साली सेलेरिओपासून ती लोकप्रिय झाली. सगळ्यांत स्वस्त, मायलेज मॅन्युअलच्या जवळ. गिअर बदलताना मान थोडी पुढे झुकते, आणि हिल होल्ड नसलेली एएमटी चढावर मॅन्युअलसारखीच मागे येते. क्लच प्लेटही तिच्यात आहे, म्हणून चढावर रेस देऊन तोलून धरलीत तर तीही जळते.

टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून जोड देणारी) जुनी, दणकट पद्धत, चढाला सरस. सीव्हीटी (गिअरचे ठरावीक टप्पे नसलेली) शहरात लोण्यासारखी मऊ, पण जोरात रेस दिली की आवाज आधी आणि वेग नंतर. डीसीटी (दोन क्लचवाली) चपळ आणि महाग. तासन् तास रांगेत सरकताना काही डीसीटी तापतात. चालवून बघितल्याशिवाय यातली कुठलीच घेऊ नका.

१३. सेफ्टी स्टार कसे बघायचे?

भारत एनकॅप ही आपली गाड्यांची धडक-चाचणी १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. मोठ्यांसाठी आणि मुलांसाठी वेगळे स्टार असतात, दोन्ही बघा. तुम्ही घेताय त्याच मॉडेलच्या चालू पिढीचा निकाल आहे ना, याची खात्री करा. सेल्समन कधी कधी जुन्या पिढीचे तारे दाखवतात. मागच्या सीटवर बसणाऱ्यांनी पट्टा लावला नाही तर पाच तारेही उपयोगाचे नाहीत.

१४. टेस्ट ड्राइव्हला काय तपासू?

शोरूमवाले तुम्हाला हायवेच्या सर्व्हिस रोडने सरळ नेऊन सरळ आणतात. तुम्ही चढ मागा, यू-टर्न मागा, गतिरोधक मागा. घरातली चार माणसं बसवून एसी लावून चढवा. जे इंजिन आणि जो गिअरबॉक्स घेणार तोच मागा. शोरूममध्ये बहुधा टॉप मॉडेल फिरवायला ठेवतात आणि आपण घेतो मधलं. क्लच दहा वेळा दाबून बघा, गुडघा भरून येतो का. आईला किंवा आजोबांना मागच्या सीटवर चढा-उतरायला लावा. ब्रोशरमध्ये हे काहीच कळत नाही.

१५. माझी उंची पाच फुटांपेक्षा कमी आहे. क्लच पूर्ण दाबला की सीटवरून पुढे घसरते.

आधी सीट पुढे घ्या. क्लच तळापर्यंत दाबल्यावर गुडघ्यात थोडा वाक उरला पाहिजे, पाय ताठ होता कामा नये. मग पाठ सरळ करा, मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे. छाती आणि स्टिअरिंगमध्ये साधारण वीतभरापेक्षा जास्त अंतर ठेवा, नाहीतर एअरबॅगच लागेल. बोनेट दिसत नसेल तर सीटची उंची वाढवा. ही सोय बऱ्याच बेस मॉडेलमध्ये नसते, आणि तुमच्यासाठी ती सनरूफपेक्षा कितीतरी मोलाची. उशी घेणार असाल तर घसरणारी नको. टाच जमिनीवर टेकत नसेल तर प्रश्न ५ मधला सराव पूर्ण पाय उचलून करा, वेळ लागेल पण जमतं. चपला काढा किंवा पट्ट्याचे सपाट सँडल घाला.

१६. ऑन-रोड किंमत एवढी का फुगते?

एक्स-शोरूम किमतीत जीएसटी आलेला असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांवर (पेट्रोल-सीएनजी १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० सीसीपर्यंत) १८ टक्के, मोठ्यांवर ४० टक्के आणि इलेक्ट्रिकवर ५ टक्के जीएसटी आहे. त्यामुळे दिसायला भक्कम असलेली बोलेरो 'छोट्या' गाडीत बसते. लांबी आणि सीसी दोन्ही बघितले जातात, डोळ्यांना काय वाटतं ते नाही.

त्यावर महाराष्ट्राचा एकरकमी रोड टॅक्स. किमतीप्रमाणे पेट्रोलला ११ ते १३ टक्के, डिझेलला १३ ते १५. आठ लाखांच्या पेट्रोल गाडीला ८८ हजार, तेवढ्याच डिझेलला १ लाख ४ हजार. मग नोंदणी, विमा, फास्टॅग. दहा लाखांच्या वरच्या गाडीवर एक टक्का टीसीएस (विकतानाच आगाऊ घेतला जाणारा इन्कम टॅक्स) कापतात. तो इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये तुमच्या खात्यावर जमा धरला जातो. पावती जपून ठेवा, बरेच जण तो सोडून देतात.

नव्या गाडीला थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा सक्तीचा. विमा डीलरकडूनच घ्या अशी सक्ती नाही. बाहेरून दर आणा आणि समोर ठेवा. 'अ‍ॅक्सेसरी किट', 'कोटिंग', 'हँडलिंग' अशा ओळी दिसल्या की प्रत्येकाचं काम लेखी विचारा. विचारल्यावर निम्म्या ओळी आपोआप गळतात.

१७. पितृपक्षात गाडी बघावी का? डिलिव्हरी दसऱ्याला हवी आहे.

बघायला पितृपक्षाइतका चांगला काळ नाही. शोरूम रिकामं, सेल्समनला वेळ, टेस्ट ड्राइव्ह लांब. डिलिव्हरी घ्यायला मन मानत नसेल तर घटस्थापनेनंतर घ्या. दसऱ्याच्या आणि पाडव्याच्या सकाळी मात्र रांगेने गाड्या बाहेर पडतात आणि कुणाला काही तपासायला सवड नसते. म्हणून तपासणी आरटीओ नंबर पडण्याआधी, आदल्या आठवड्यात करा. रंगाचा फरक, ओरखडे, किलोमीटर, चेसिस नंबर कागदाशी जुळतो का. टायरच्या बाजूला चार आकडे असतात: २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. बॅटरी आणि गाडी बनल्याचा महिनाही बघा. नंबर पडल्यावर तक्रार केली तर दुरुस्ती मिळते, गाडी बदलून मिळत नाही.

पूजेनंतर चाकाखाली लिंबू ठेवतात आणि सगळं घर व्हिडिओ काढत असतं, तेव्हाच नवा चालक गाडी बंद पाडतो. रेस नको, प्रश्न ५ प्रमाणे फक्त क्लच. लिंबू आपोआप फुटतं.

१८. टेस्ट ऑटोमॅटिकवर दिली तर लायसन्सवर मॅन्युअल चालते का?

कारच्या लायसन्समध्ये गिअरची आणि बिनगिअरची अशी सर्वसाधारण विभागणी नाही, ती दुचाकीत आहे. त्यामुळे कायद्याने चालते. पण ऑटोमॅटिकवर टेस्ट देऊन दुसऱ्या दिवशी मॅन्युअल घेऊन कसारा उतरू नका.

१९. टेस्टमध्ये नापास झालो तर?

सात दिवसांनी परत देता येते. तीन वेळा नापास झालात तर शेवटच्या टेस्टपासून ६० दिवस थांबावं लागतं. बहुतेक लोक रिव्हर्समध्ये आणि सीटबेल्ट-आरसे विसरून अडकतात, क्लचवर नाही.

२०. मी मूळ धुळ्याची, नोकरी नाशिकला. लायसन्स आणि पासिंग इथे होईल का?

होईल. २०१९ च्या दुरुस्तीनंतर राज्यातल्या कुठल्याही आरटीओत लायसन्स काढता येतं आणि गाडीची नोंदणीही करता येते. पत्त्याचा पुरावा मात्र मागतील तो द्यावा लागतो. एमएच-१८ हवी की एमएच-१५, हा घरातला भावनिक प्रश्न आहे; त्यात मी पडत नाही.

२१. लर्निंगवर समृद्धीने किंवा मुंबईला गेलो तर?

लर्निंग देशभर चालतं, पण शेजारी पक्कं लायसन्स असलेला, गाडी आवरू शकेल असा माणूस बसलेला हवा. मागच्या सीटवर झोपलेला काका चालत नाही. समृद्धीवर कारला १२० ची मर्यादा आहे आणि इगतपुरीजवळ सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा आहे. तिथे तासाला ६० ने डाव्या लेनमध्ये घाबरत जाणारा नवशिका स्वतःलाही धोका आणि मागच्यालाही. आधी सिन्नरपर्यंत, मग त्र्यंबकपर्यंत जाऊन या.

२२. मुलगा १७ वर्षांचा आहे, सोसायटीच्या आत चालवली तर काय होतं?

काय होतं ते कायद्यात लिहिलं आहे. अल्पवयीनाने गुन्हा केला तर पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि त्या मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लर्निंगही नाही. सोसायटीचं आवार म्हणजे सूट, हे गृहीत धरू नका. मुलं तिथेच खेळत असतात.

२३. वडील ५८ चे आहेत, आता शिकायचं म्हणतात. गुडघा दुखतो.

शिकू द्या. लायसन्स पाच वर्षांसाठी मिळेल, मग नूतनीकरण. डावा गुडघा दुखत असेल तर त्यांच्या बाबतीत प्रश्न २ मधलं माझं मत मागे घेतो: सरळ ऑटोमॅटिक, आणि उंच बसण्याची गाडी, म्हणजे उतरताना गुडघ्यावर भार येत नाही. मुलाने शिकवू नये. बापलेकाचं भांडण दुसऱ्याच चौकात होतं.

२४. पावसाळ्यात गोदाघाटावर लावलेली गाडी पाण्यात गेली, किंवा साचलेल्या पाण्यात बंद पडली, तर सुरू करून बघू का?

अजिबात नाही. इंजिनने हवेच्या वाटेने पाणी ओढलं असेल तर सेल मारताच आतले कनेक्टिंग रॉड वाकतात, आणि 'पाण्यात स्टार्ट केली' या कारणावरून साधा विमा दावा नाकारू शकतो. इंजिन प्रोटेक्शनचं अ‍ॅड-ऑन घेतलं असेल तरी अटी वाचा. बॅटरीची वायर काढता येत असेल तर काढा, फोटो काढा, टो करून न्या.

पाण्यातून जावंच लागलं तर फर्स्टमध्ये, एकसारखी रेस, मध्ये क्लच दाबायचा नाही, गिअर बदलायचा नाही, पुढची गाडी पूर्ण बाहेर पडेपर्यंत आत शिरायचं नाही. बाहेर आल्यावर हळू चालत ब्रेक तीन-चार वेळा हलकेच दाबून सुकवा. गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाल्याची बातमी आली आणि गोदावरीच्या पुराची खूण असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या पायाशी पाणी दिसलं, की खरेदी राहू द्या आणि आधी गाडी वर आणून लावा.